तांब्याचे इंग्रजी

वाचकाचे पत्र

मी इंग्रजी साहित्यात एम. ए. केले असून गेल्या वर्षापासून पुण्यातील एका कला व डिझाइन महाविद्यालयात पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाला इंग्रजी शिकवते. माझा तास शनिवारी दुपारी असतो. वर्गातील निम्मी मुले पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळांतून आलेली आहेत, तर निम्मी बीड, सांगली, नंदुरबार अशा ठिकाणांहून मराठी माध्यमात शिकून आलेली आहेत. अभ्यासक्रमात व्याकरण, अर्जलेखन आणि काही उतारे आहेत. मुले वर्गात बसतात, पण वहीत चित्रे काढत राहतात. मराठी माध्यमाच्या काही मुलांचा हात विलक्षण आहे, मात्र ज्युरीसमोर, म्हणजे त्यांचे काम पाहून प्रश्न विचारणाऱ्या परीक्षकांसमोर, ती गप्प होतात आणि गुण गमावतात. स्टुडिओतील एक ज्येष्ठ सहकारी मला म्हणाले, "चित्रकाराला भाषा कशाला हवी? त्याचे चित्रच बोलते." मी व्याकरण पक्के करून घ्यावे की बोलण्यावर भर द्यावा, वर्गात मराठी चालू द्यावी का, आणि मुलांच्या या वह्या ताब्यात घ्याव्यात का, हे कृपया सांगावे.
– एक अध्यापिका, कोथरूड

उत्तर

स. न. वि. वि.

तुमच्या प्रश्नांचा क्रम थोडा बदलून मी तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते वाक्य मीही स्टाफरूममध्ये अनेक वर्षे ऐकले आहे. चित्र बोलते हे मान्य केले तरी ज्युरीच्या दिवशी ते बहुधा अर्धवट वाळलेले असते, त्याच्या शेजारी विद्यार्थी अवघडून उभा असतो आणि समोरचे तिघे "हे असेच का?" असे विचारत असतात. डिझाइनच्या शाखेत तर वस्तू स्वतः बोलण्याच्या अवस्थेला पोहोचण्यापूर्वीच, म्हणजे ती माउंटबोर्डाच्या नमुन्यात असतानाच, तिच्याविषयी ग्राहकाशी, अभियंत्याशी आणि छपाईवाल्याशी बोलावे लागते. तेव्हा भाषा हवी की नको हा वाद तुम्ही घालत बसू नका. कोणती भाषा हवी, एवढाच प्रश्न आपल्या कामाचा आहे.

माझी स्वतःची पहिली दोन वर्षे या प्रश्नाचे चुकीचे उत्तर देण्यात गेली. ज्या मुलांनी सकाळ एम्प्रेस गार्डनमध्ये झाडे रंगवण्यात घालवलेली असे, त्यांनाच मी दुपारी "वृक्षांचे महत्त्व" या विषयावर इंग्रजी निबंध लिहायला सांगत असे, आणि हाती येणारी वाक्ये झाडे प्राणवायू देतात व सावली देतात यापलीकडे जात नसत. एकदा एका मुलीने निबंधाच्या कागदामागे झाडाची साल काढलेली मला दिसली. तडे, पापुद्रे, जुन्या फांदीच्या जागी उरलेली गाठ, सगळे त्यात होते. याला इंग्रजीत काय म्हणशील, असे मी तिला विचारले, तेव्हा थोडा विचार करून ती म्हणाली, "रफ." तिच्या पेन्सिलीला सालीचे पाच प्रकार ठाऊक होते आणि तिच्या इंग्रजीला एकच. पेन्सिल आणि भाषा यांच्यातले हे अंतर कमी करणे हेच कला महाविद्यालयातील इंग्रजीच्या शिक्षकाचे काम आहे, असे मी त्या दिवसापासून मानत आले. म्हणून तुम्हाला माझा पहिला आणि मुख्य सल्ला असा की तास फळ्यापासून सुरू करू नका, टेबलावर ठेवलेल्या वस्तूपासून सुरू करा.

लगेच करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगते. दोन विद्यार्थ्यांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाच्या हाती चौकोन, वर्तुळ आणि दोन तिरप्या रेषा अशी साधी रचना द्या. त्याने ती इंग्रजीत सांगायची आणि दुसऱ्याने केवळ ऐकून काढायची, मागे वळून पाहायचे नाही. माझ्या वर्गात साताऱ्याकडच्या एका मुलाने "द सर्कल इज ऑन द स्क्वेअर" असे सांगितले आणि त्याच्या जोडीदाराने चौकोनाच्या मधोमध वर्तुळ काढले. मूळ रचनेत ते वर्तुळ चौकोनापासून दोन बोटे अंतर सोडून वरती तरंगत होते. "मी वरच म्हटलं होतं," असे म्हणत मुलगा हट्टाला पेटला, आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हते, कारण मराठीत पुस्तक टेबलावर असते, पंखा डोक्यावर असतो आणि पूल नदीवर असतो; आपला "वर" ही तिन्ही कामे एकट्याने निभावतो, तर इंग्रजीला त्यासाठी ऑन, अबव्ह आणि ओव्हर असे निरनिराळे शब्द वापरावे लागतात. हा फरक मी फळ्यावर दहादा लिहिला असता तरी जे झाले नसते, ते त्या चुकलेल्या वर्तुळाने पाच मिनिटांत केले, कारण रचना बिघडली की चित्रकलेच्या विद्यार्थ्याला ते मनापासून लागते. उपपदांचेही असेच आहे. मराठीत उपपदे नसल्यामुळे त्यांचे नियम मुलांना पाठ होतात पण वापरता येत नाहीत. या खेळात मात्र रेषा प्रथम सांगताना ती "अ लाइन" असते आणि जोडीदाराच्या कागदावर एकदा उमटली की "द लाइन" होते, हे त्यांना डोळ्यांनी दिसते.

वस्तू कोणती घ्यावी असे विचाराल तर तांब्या घ्या. 1958 साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्याने भारत सरकारसाठी एक छोटा अहवाल लिहिला आणि त्याच्या पाठोपाठ 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, हे तुमच्या स्टुडिओतील सहकाऱ्यांना माहीत असेलच. त्या अहवालात आपल्या लोट्याचे भरभरून कौतुक आहे, पण इंग्रजीच्या शिक्षकासाठी त्याहून मोलाची आहे ती त्यानंतर येणारी प्रश्नांची माळ: त्यात पाणी किती मावावे, तो उचलणारे हात केवढे असतील, तो डोक्यावरून नेला जाईल की कमरेवरून, भरलेला असताना आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहील, तोंड केवढे ठेवले तर आतून घासता येईल, डोळे मिटून हातात घेतला तर कसा वाटेल, दुसऱ्या भांड्यावर आपटला तर नाद कसा येईल, आणि तो विकताना किंवा कुणाला देताना काय वाटेल. अभ्यासक्रमाच्या उताऱ्यांबरोबर हा एक उतारा वाचायला घ्या. त्यातील शब्द सगळेच सोपे नाहीत, पण प्रत्येक शब्दाचा अर्थ समोरच्या तांब्यावर बोट ठेवून दाखवता येतो, आणि हे भाग्य फारच थोड्या उताऱ्यांना लाभते.

पुण्यात राहून हा उतारा वर्गाच्या चार भिंतींत वाचणे मात्र मला पटत नाही. कसबा पेठेतील तांबट आळीत आजही तांब्याची भांडी हाताने ठोकली जातात. पेशवाईत कोकणातून आलेल्या कारागिरांची ती वस्ती आहे आणि भांड्याच्या अंगावर हातोडीने ओळीने उठवलेल्या चमकदार खळग्यांना तिथे मठारकाम म्हणतात. एखाद्या शनिवारी मुलांना तिथे घेऊन जा. (आधी विचारून जा, आणि तीस जणांचा घोळका एकदम नेऊ नका; ते लोक तिथे पोटासाठी काम करत असतात.) प्रत्येकाने एक भांडे निवडून रेखाटावे आणि त्याच्या भागांची नावे आधी मराठीत लिहावीत: काठ, गळा, खांदा, पोट, बूड. मग त्याच्या शेजारी इंग्रजी नावे लिहावीत: लिप, नेक, शोल्डर, बेली, फूट. या दोन याद्या शेजारी आल्या की दोन्ही भाषांनी भांड्याला माणसाचेच अंग दिले आहे हे मुलांच्या ध्यानात येते, आणि इंग्रजीचे परकेपण त्याने जेवढे कमी होते तेवढे आपल्या कोणत्याही धीर देणाऱ्या भाषणाने होत नाही. अक्षरांकन शिकणाऱ्या मुलांना तर पुढची पायरीही लगेच दाखवता येते, कारण इंग्रजी मुद्राक्षरांनाही हात, पाय, कान आणि खांदे असतात, आणि पोटफोड्या "ष" गिरवत लहानाच्या मोठ्या झालेल्या आपल्या मुलांना त्यात नवल वाटत नाही.

"मठार"साठी कोणता शब्द वापरायचा यावर मात्र आमच्या वर्गात चांगलाच वाद झाला. "हॅमर्ड" म्हटले तर ठोकलेले एवढाच अर्थ पोहोचतो. धातुकामाच्या इंग्रजीत "प्लॅनिशिंग" असा शब्द आहे, पण त्यात पृष्ठभाग सपाट आणि गुळगुळीत करण्याचा हेतू असतो, आणि मठारकामातले खळगे तर दिसावेत म्हणूनच उठवलेले असतात. शेवटी मुलांनी "मठार" हा शब्द तसाच ठेवला आणि त्याला एक वर्णन जोडले: "रोज ऑफ शॅलो डेंट्स, ईच कॅचिंग द लाइट." "कॅचिंग" हे रूप तिथे कसे आले हे मी त्यांना तेव्हा सांगितले नाही, दोन आठवड्यांनी व्याकरणाच्या धड्यात ते रूप आले तेव्हा उदाहरण वर्गातच तयार होते. व्याकरण आधी की बोलणे आधी, या तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर याहून वेगळे नाही. ज्या वाक्याची मुलांना गरज पडली आहे त्या वाक्याचे व्याकरण त्या आठवड्यात शिकवा, आणि अभ्यासक्रमात उरलेले सत्राच्या शेवटच्या तीन तासांत परीक्षेपुरते उरकून टाका. अर्जलेखनाचा विषय इंटर्नशिपसाठी पोर्टफोलिओसोबत पाठवायच्या ईमेलवर वळवला की तोही आपोआप मार्गी लागतो.

रंगांसाठी वेगळा तास ठेवा, तो वाया जाणार नाही. आपल्याकडची मुले फिक्या रंगाला सर्रास "फेंट" म्हणतात आणि बाहेरून आलेल्या परीक्षकाला तो शब्द कळतो न कळतो. ह्यू म्हणजे रंग कोणता, व्हॅल्यू म्हणजे तो किती उजळ किंवा गडद, आणि सॅच्युरेशन म्हणजे तो किती तेजदार किंवा मळकट, हे त्यांनी स्टुडिओत शिकलेले असते, पण त्या ज्ञानाचे वाक्य झालेले नसते. त्यांना लक्ष्मी रस्त्यावरच्या एखाद्या साडीच्या दुकानात मनाने उभे करा आणि आमसुली, अबोली, डाळिंबी, मोरपिशी, श्रीखंडी यांपैकी एकेक रंग, साडी कधीही न पाहिलेल्या माणसाला इंग्रजीत सांगायला लावा. आमसुलीला नुसते पर्पल म्हटले तर चुकते आणि नुसते ब्राउन म्हटले तरी चुकते. "अ डार्क, ब्राउनिश पर्पल, द कलर ऑफ ड्राइड कोकम" इथपर्यंत पोहोचायला आमच्या वर्गाला पंधरा मिनिटे लागली, पण त्या पंधरा मिनिटांत विशेषणांचा क्रम, "इश" हा प्रत्यय आणि उपमा हे तिन्ही झाले. धूपछाव कापडाला इंग्रजीत "शॉट सिल्क" म्हणतात हे सांगितल्यावर इरकल नेसणाऱ्या आजीच्या एका नातीने तो शब्द आपल्या वहीच्या मुखपृष्ठावरच लिहून ठेवला होता.

आता ज्युरीविषयी, कारण तुमची खरी काळजी ती आहे. लातूरकडच्या एका विद्यार्थ्याने देवनागरी मथळ्याचे पोस्टर केले होते आणि त्यात शिरोरेषा मुद्दाम जागोजागी तोडली होती. परीक्षकांनी कारण विचारले तेव्हा तो "लुक्स गुड, सर" एवढेच म्हणाला आणि खाली पाहू लागला. तासाभराने व्हरांड्यात त्याच मुलाने मला मराठीत सांगितले की अखंड शिरोरेषा ठेवली तर मथळा लांबून नुसत्या पट्टीसारखा दिसत होता, आधी त्याने अक्षरांतले अंतर वाढवून पाहिले तर शब्दच विस्कटले, म्हणून मग त्याने प्रत्येक काना जिथे उतरतो तिथे रेषेत फट ठेवली. हे उत्तर कोणत्याही ज्युरीत उत्तम गुणांचे होते आणि त्यात इंग्रजीला न पेलणारे काहीही नव्हते. आम्ही दोघांनी मिळून त्याची चार वाक्ये केली. "आय ट्राइड" असे म्हणून काय करून पाहिले, "बट" म्हणून काय बिघडले, "सो आय" म्हणून मग काय केले, आणि "नाऊ इट" म्हणून आता काय दिसते. पहिली तीन साध्या भूतकाळात आणि चौथे साध्या वर्तमानकाळात. मुले सगळीकडे "आय अ‍ॅम टेकिंग ब्लू कलर" अशी रूपे वापरतात ती बहुतेक वेळा काळ न कळल्यामुळे नव्हे, तर आपण केलेल्या कामाची गोष्ट क्रमाने सांगायची असते हेच त्यांना कुणी सांगितलेले नसल्यामुळे. ज्युरीच्या आधीच्या आठवड्यात स्टुडिओतील एखाद्या सहकाऱ्याला तुमच्या तासाला वीस मिनिटे बोलवा आणि खरे काम भिंतीवर लावून खरे प्रश्न विचारायला सांगा. जे सहकारी चित्रच बोलते असे म्हणतात त्यांनाच बोलावलेत तर अधिक चांगले. मुले बोलत असताना चूक दुरुस्त करू नका, टिपून ठेवा आणि नंतर एकेकाला बाजूला घेऊन सांगा.

मराठीविषयीचे माझे मत आता तुमच्या लक्षात आले असेल. व्हरांड्यातले ते मराठी उत्तर नसते तर ती इंग्रजी वाक्ये झालीच नसती. एखाद्या मुलाला आपले काम मराठीतही सांगता येत नसेल तर त्याची अडचण इंग्रजीची नाही, आणि ती आपल्याला तेव्हाच कळते जेव्हा वर्गात मराठी चालू असते. पहिला मसुदा मराठीत बोलून, मग जोडीने इंग्रजीत, असा क्रम ठेवा. शिवाय पेठेतल्या छपाईवाल्यासमोर उभे राहिल्यावर तेच काम पुन्हा मराठीत सांगावे लागणार आहे, आणि कागदाची जाडी, घडी, कापणीची जागा हे सारे त्याला मराठीत सांगता येत नाही म्हणून इंग्रजी माध्यमाची मुले तिथे किती अडतात, हे मी पाहिले आहे. एकच पोस्टर एकदा परीक्षकाला इंग्रजीत आणि एकदा छपाईवाल्याला मराठीत समजावण्याचा सराव सर्वांना द्या, म्हणजे वर्गातली दोन्ही निम्मी मुले आलटून पालटून एकमेकांची शिक्षक होतील.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांविषयी तुम्ही पत्रात काही विचारलेले नाही, पण मला त्यांची काळजी अधिक वाटते, कारण ती न अडखळता बोलतात आणि त्यामुळे ती काहीच सांगत नाहीत हे कुणाच्या लक्षात येत नाही. नाइस, युनिक, एस्थेटिक आणि व्हाइब हे चार शब्द मी महिनाभर वर्गात बंद केले होते. पहिल्या आठवड्यात ही फर्डी मुले गप्प झाली आणि नंदुरबारची एक मुलगी, जिच्याकडे हे शब्द मुळात नव्हतेच, ती "द लेफ्ट साइड इज हेवी" असे म्हणाली. वर्गातले त्या दिवसाचे सर्वांत उपयोगी वाक्य तेच होते. त्यानंतर लिहायला शब्दमर्यादाही घाला. राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन एका अडकित्त्यासाठी किंवा दिव्यासाठी चाळीस शब्दांची माहितीपाटी लिहिणे हा त्यासाठी माझा आवडता स्वाध्याय आहे, कारण चाळीस शब्दांत वस्तू, धातू, आकार आणि उपयोग सांगून झाल्यावर "टाइमलेस" म्हणायला जागाच उरत नाही.

एक गोष्ट अनुभवाने सांगते. कलाशाखेत येणाऱ्या मुलांमध्ये वाचताना ओळ सुटणारी आणि अक्षरे उलटसुलट होणारी मुले असतात, आणि शाळेत त्यांना त्यावरून बरेच ऐकून घ्यावे लागलेले असते. पूर्वसूचना न देता कुणालाही वर्गात मोठ्याने वाचायला उभे करू नका. उतारा आदल्या दिवशी द्या, किंवा आपण वाचून दाखवा आणि त्यांना ऐकत ऐकत रेखाटू द्या.

राहिला वह्यांचा प्रश्न. त्या ताब्यात घेऊ नका. काही मुलांना हात चालू असला तरच ऐकू येते, आणि तुमच्या तासाला काढलेली चित्रे हेच तुमचे पाठ्यपुस्तक होऊ शकते. नियम एवढाच करा की तास संपण्यापूर्वी त्या दिवसाच्या चित्राखाली एक पूर्ण इंग्रजी वाक्य लिहायचे, ज्यात चित्रात दिसते तेच असेल आणि "ब्युटिफुल" नसेल. पहिले काही आठवडे "धिस इज माय हँड" यापलीकडे काही येणार नाही. एका मुलाने माझेच व्यंगचित्र काढून त्याखाली "हर ग्लासेस आर अबव्ह हर आइज" असे लिहिले होते. चष्मा मी खरोखरच कपाळावर चढवलेला होता, आणि हा मुलगा तोच, साताऱ्याकडचा.

पुढच्या शनिवारी घरून तांब्या नेणार असाल तर त्याला चिंच लावून लख्ख करू नका. जुना, काळवंडलेला, एका बाजूला पोचा पडलेला न्या. त्याला विशेषणे जास्त लागतात.